चिंचेखालचं तपेलं

आमच्या घरात सकाळ देवाच्या नावानं सुरू होई, असं मी मुलानातवंडांना सांगत आले. आता लिहायलाच बसले आहे तर खरं काय ते लिहिते: सकाळ कॉफीनं सुरू होई. आत्या अंधारातच उठून न्हायची, ओल्या लुगड्यानं चूल पेटवायची, पितळी फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतायची आणि डिकाक्शन थेंबथेंब उतरत असताना त्याच्यासमोर अशी मन लावून बसायची की देवापुढंही ती कधी तशी बसली नाही. पहिला पेला पोटात गेला की मग देवांना जाग यायची. अप्पा चिडवायचे, तुझे देव उपाशी राहतात गं. ती म्हणायची, देवांना कळतं, तुला कळत नाही. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि तंजावरहून ती भावाकडे आली ती कायमचीच. घर तिचं होतं. माझी आई त्यात राहत होती, इतकंच.

इथं एक सांगून टाकते. ही जी मराठी तुम्ही वाचता आहात ती पुण्याच्या माझ्या भाचीनं चाळणीतून काढलेली आहे. आम्ही तंजावरचे, कैक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. आमच्या तोंडी अजून 'गे', 'गा', 'बहुत', आणि वर तमिळ हेल. भाचीनं विचारलं, आत्याबाईंचं बोलणं पण सरळ करून घेऊ का? म्हटलं, खबरदार. जिवंत असताना तिला कुणी सरळ करू शकलं नाही, आता तू कोण आलीस!

अप्पा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकून होते. कारखाना नवा, क्वार्टर्स नव्या, भिंतींना अजून चुन्याचा वास. पहाटे आधी आगगाडीची शिट्टी, मग आमच्या स्वयंपाकघरात कॉफी दळायच्या यंत्राची घरघर आणि बऱ्याच वेळानं कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की पुरुष जात आणि सगळी वस्ती बायकांची होई. रुळांच्या पलीकडे चेरी होती. तमिळ गावात ज्यांना गावाबाहेर ठेवत, ज्यांची विहीरसुद्धा निराळी असे, त्यांची वस्ती म्हणजे चेरी. आमच्या क्वार्टर्सच्या विटा तिथल्याच बायकांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. मुनियम्मा त्यांतली. उंच, काळी, तोंडात कायम विडा, आणि बोलायला लागली की समोरचा आपलं काम विसरायचा. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ती पायरीवर येऊन आईला सांगून गेली की तुमची स्वयंपाकघराची मागची भिंत पाझरेल, ती बांधली त्या दिवशी गवंडी पिऊन आला होता. पुढं ती पाझरलीच. बांधताना मुनियम्मा त्या घरभर फिरली होती. आम्ही राहायला आल्यावर तिची हद्द पायरीपर्यंत आली. तेव्हा हे कुणाला विचित्र वाटलं नाही. मला वाटत होतं असंही म्हणत नाही. मला त्या वयात फक्त माझ्या दावणीच्या, म्हणजे परकरावरच्या ओढणीच्या, रंगाची काळजी होती.

बांधकाम संपलं तसं त्या बायकांचं काम संपलं. घरी बसून राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. मग त्यांनी आपसात बसून एक सोसायटी काढली, खेटे घालघालून सहकार खात्याकडून गाई मिळवल्या. गाई कुणा एकीच्या नव्हत्या, सगळ्यांच्या होत्या, आणि कुणी चारा आणायचा, कुणी शेण काढायचं, कुणी धार काढायची हे त्यांचं त्याच ठरवत. खात्याच्या साहेबानं एक अट घातली होती. गिऱ्हाईक धरून दाखवायचं. वर्षभरात तो येऊन बघणार, गिऱ्हाईक दिसलं तर गाई राहतील, नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या सोसायटीला जातील.

त्या काळी मद्रासेत दूध घरी येत नसे, गाय घरी येई. दारात उभी करून, तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच भांड्यात धार काढायची, म्हणजे पाणी घातल्याचा संशय नको. त्याआधी आमच्याकडे गोविंदन नावाचा गवळी यायचा. त्याच्या काखेत पेंढा भरलेलं वासरू असे. खरं वासरू मेलेलं, त्याचं कातडं शिवून आत पेंढा. ते गाईच्या नाकासमोर धरलं की बिचारी त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. आत्या त्या वेळी तोंड फिरवून उभी राहायची. मुनियम्माच्या बायका गाई घेऊन आल्या त्या पहिल्या दिवशी प्रत्येक गाईमागं तिचं जिवंत वासरू उड्या मारत आलं, आधी पोटभर प्यायलं, आणि मगच धार काढली. आमच्या सोसायटीत पेंढा गाईला खायला असतो, असं मुनियम्मा मोठ्यानं म्हणाली, गोविंदनला ऐकू जाईल असं. त्याच दिवशी आत्यानं गवळी बदलला.

आता एक गंमत सांगते, ती हल्लीच्या पिशवीतलं दूध पिणाऱ्यांना कळायची नाही. गाईचं आधीचं दूध पातळ असतं आणि शेवटची धार दाट. डिग्री कॉफीला, म्हणजे निर्भेळ दाट दुधाच्या कॉफीला, ती शेवटचीच धार हवी. म्हणजे ज्या घरासमोर गाय शेवटी थांबेल त्या घरची कॉफी उत्तम. हे आत्याला ठाऊक होतं. समोरच्या फोरमन-मामींना ठाऊक नव्हतं. फोरमन-मामी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या हुद्द्याच्या घरची बाई, आणि मान म्हणून गाय आधी आपल्याच दारात आली पाहिजे हा त्यांचा हट्ट. आत्या अगदी गोड आवाजात म्हणायची, तुम्हीच आधी घ्या, आमचं काय, आम्ही कारकून माणसं. बरेच महिने मामींनी पातळ दूध मानानं घेतलं. मग कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं आणि गल्लीत महाभारत सुरू झालं. रोज सगळ्या बायकांना एकाच वेळी दुसरी कामं निघू लागली. एकीची चूल पेटत नसे, एकीचं न्हाणं व्हायचं असे, आत्याला तर धार काढायच्या ऐन वेळी जपाची आठवण व्हायची. 'तुम्ही आधी', 'छे, तुम्ही आधी' असं करत गाय रस्त्यात उभी. वासरू कंटाळून फोरमन-मामींच्या दारातली कोलम, म्हणजे रांगोळी, चाटून टाकायचं, कारण ती तांदळाच्या पिठाची असे. मी खिडकीतून बघत हसून हसून बेजार व्हायचे.

हसणं माझं होतं. नुकसान सोसायटीचं होत होतं. आमच्या एका गल्लीतच सकाळ जायची, पुढच्या गल्ल्यांना गाय पोचायची नाही, आणि दारोदार हिंडून, कुत्र्यांना भिऊन गाईंचं दूध आटायला लागलं होतं. एक दिवस मुनियम्मा एकटीच आली, गाईशिवाय. तिनं सगळ्यांना पायरीवरून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून गाई दारात येणार नाहीत. रुळांपलीकडे, चेरीच्या तोंडाशी चिंचेचं झाड आहे, त्याच्याशेजारी गोठा. तिथं सगळ्या गाईंचं दूध एका भांड्यात काढू आणि ज्याला हवं त्यानं येऊन घ्यावं. सगळ्यांना सारखं. शेवटची धारही सारखी.

गल्ली एका मिनिटात एक झाली. ज्या बायका काल एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्या फोरमन-मामींच्या ओट्यावर जमल्या. दूध आपल्या भांड्यात पडत होतं तोवर ठीक. आता ते चेरीच्या भांड्यात पडणार, चेरीच्या विहिरीच्या पाण्यानं धुतलेल्या. कुणी घ्यायचं नाही, असं ठरलं. घरी अप्पांनी वाद घातला. शास्त्रात दुधाला दोष नाही, गाईचं दूध कुणाच्याही हातचं चालतं, असं ते म्हणाले.

"दुधाला नाही गा रामा," आत्या अप्पांना म्हणाली, "दोष पाण्याला. ओल्या भांड्यांत पाणी आलेंच."

अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यांना कॉफी हवी होती, पण आत्याशी वाद घालून कॉफी मिळाल्याचं आमच्या घरात उदाहरण नव्हतं.

गोविंदन परत आला, पेंढ्याच्या वासरासकट, आणि या वेळी त्याला माहीत होतं की आपल्यावाचून यांचं चालत नाही. त्याच्या कास धुवायच्या लोट्यातलं पाणी दुधात जाई, लोटा पालथा करून दाखवला तरी बाहीतून कुठून तरी येई. कॉफीचा रंग निळसर झाला. आत्या पेला तोंडाला लावायची, खाली ठेवायची, परत लावायची. मग देवांवर चिडायची. नैवेद्याला साखर कमी पडू लागली, आईला मीठ जास्त पडल्याचं ऐकावं लागलं, मला केसांच्या वेण्या बघून बोलणी बसली. अप्पा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चोरून कॉफी पिऊन यायला लागले आणि घरी येताना विडा खाऊन वास लपवायचे. पलीकडे चिंचेखाली रोज दूध काढलं जाई आणि गिऱ्हाईक म्हणून रेल्वे फाटकाचा पहारेकरी आणि चहाटपरीवाला, बस्स. उरलेलं दूध त्या बायका मुलांना पाजत. मुलं खूश होती. मुनियम्मा नव्हती. तिला साहेबाच्या येण्याची तारीख कळली नव्हती, पण तो येणार हे ठाऊक होतं.

पुढं काय झालं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी मुनियम्माच्या नातीच्या लग्नाला मी आवडीला गेले तेव्हा तिनं स्वतः सांगितलं. दात गेले होते, विडा कुटून खायची, पण आवाज तोच. त्या दिवसांत सोसायटीच्या सगळ्या बायका गोठ्यात बसल्या. एक म्हणाली, परत दारोदार जाऊ. एक म्हणाली, त्यांच्या तोंडावर शेण मारू. बरीच भांडणं झाली. शेवटी असं ठरलं की भांडं त्यांचंच मागायचं. सगळ्या गाईंचं दूध एकाच भांड्यात, पण भांडं ब्राह्मणाघरचं. ते आपण शिवू नये म्हणून त्यांच्यातल्या कुणालातरी भांड्याबरोबर यावंच लागेल. आणि एक आली की बाकीच्या तिच्यामागून येतील. त्याच बैठकीत त्यांनी दुसरंही एक ठरवलं: आपलंही तपेलं घ्यायचं, तेवढंच मोठं, आणि तयार ठेवायचं.

"राग येत नव्हता असं समजू नको, पाप्पा," मुनियम्मा मला म्हणाली. मी तेव्हा दोन लेकरांची आई होते, पण तिच्या लेखी पाप्पाच, म्हणजे लहान पोर. "आम्ही वाहिलेल्या विटांच्या घरात राहायचं, आणि आमच्या भांड्यातलं दूध नको. पण गाई गेल्या असत्या तर राग घेऊन काय करणार होतो? रागाला काय धार निघते?"

 तिनं माझ्या पानात आणखी एक वडा वाढला आणि स्वतःच हसायला लागली.

तर, मुनियम्मानं पायरीवर येऊन भांडं मागितलं आणि फोरमन-मामींच्या ओट्यावर नवा प्रश्न उभा राहिला: कुणाचं भांडं? अय्यरांचं म्हटलं तर अय्यंगार मामी गप्प झाल्या. अय्यंगारांचं म्हटलं तर अय्यर मामींना काहीतरी आठवून खोकला आला. मुदलियार ब्राह्मण नव्हेत, त्यांचं भांडं दोघींनाही नको. आम्हां मराठी ब्राह्मणांना तिकडे रायर म्हणत. आम्ही सोवळं पाळतो हे सगळ्यांना दिसत होतं, पण आम्ही नक्की कितव्या पायरीवर बसतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याची जागा माहीत नाही त्याच्याशी भांडता येत नाही. आमचं तपेलं सगळ्यांना चाललं. ते आत्याच्या लग्नातलं, पितळेचं, इतकं मोठं की लहानपणी मी त्यात बसून आंघोळ केली होती. ही गोष्ट मात्र घरात कुणी बोललं नाही.

पहिल्या दिवशी आत्या रूळ ओलांडून गेली ती मिरवणुकीसारखी. पुढं मी डोक्यावर तपेलं घेऊन, मागं ती, एका काखेत स्वतःचा पाट, दुसऱ्या हातात स्वतःचं मापटं. त्यांच्या ओट्यावर ती बसणार नव्हती, म्हणून पाट. दुसऱ्या कुणी दूध वाढलेलं तिला चालणार नव्हतं, म्हणून मापटं. चेरीची सगळी पोरं आमच्या मागून. आत्यानं चिंचेखाली पाट टाकला, तपेलं समोर ठेवलं, पदर आवरला आणि सगळ्यांकडे अशी बघत राहिली की जवळ यायची कुणाची छाती होईना. बायकांनी धार काढायची, कासंडी तपेल्यावर वरूनच रिकामी करायची आणि मागं सरायचं. म्हणजे बघा, कासंडी त्यांचीच होती. ते आत्याला दिसत नव्हतं असं नाही. पण पहिल्याच दिवशी मुनियम्मानं प्रत्येक कासंडी तिच्यासमोर उपडी करून, पुसून, कोरडी दाखवली होती, आणि आत्यानं मान हलवली होती. त्या दिवशीची कॉफी आत्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग म्हणाली, "पाणी नाही." तिच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

आत्या तिथं भांडं राखायला बसली होती. पण रिकामं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. चारच दिवसांत ती उशिरा येणाऱ्यांना बोलायला लागली, मग रांगेत घुसणाऱ्यांना. वाढण्याआधी दूध खालीवर ढवळायचं हा नियम तिनं घातला आणि शेवटच्या धारेचं भांडण कायमचं मिटलं. फोरमन-मामी आपला लोटा घेऊन रांगेत इतरांच्या मागं उभ्या राहू लागल्या, कारण आत्या हुद्दा बघायची नाही. मग कुठली गाय आज कमी दूध देते, कुठल्या वासराला हगवण लागली आहे, कुणाच्या हाताखाली गाय लाथ मारते, हे सगळं ती घरी येऊन आईला सांगायला लागली. एक दिवस मी पाहिलं की तिच्या डोक्यावर ताडाच्या झावळ्यांचं छप्पर आलं होतं. कुणी केलं, कधी केलं, कुणी बोललं नाही. आत्याही बोलली नाही. फक्त पाट छपराच्या बरोबर मध्ये सरकवला.

गाय व्यायली की मुनियम्मा चीक तपेल्यात घालून द्यायची. आत्या वेलदोडे घालून खरवस करायची आणि केळीच्या पानात बांधून माझ्याबरोबर तिकडे पाठवायची. त्यांनी शिजवलेलं मात्र आमच्याकडे यायचं नाही. मुनियम्मानं एकदा मला विचारलं, तुझ्या आत्याला आमचं मीन कुळंबु कसं वाटेल गं? माशांची आमटी! मी घाबरून तोंडावर हात ठेवला आणि सगळा गोठा हसला. मी त्या सकाळींत जितकी हसले तितकी शाळेत कधी हसले नाही. शेण, चिंचेचा पाला, ताजं दूध आणि आत्याचा आवाज, हे सगळं मला बहुत आवडायचं.

गोठ्याच्या दाराशी एका स्वच्छ दगडावर त्यांचं स्वतःचं तपेलं पालथं असे. ॲल्युमिनियमचं, आमच्याएवढंच मोठं. रोज कुणीतरी ते चिंच-राखेनं घासायचं आणि उन्हात ठेवायचं. त्यात कधी दूध पडलेलं मी पाहिलं नाही. आत्याला ते दिसत नव्हतं असं होणंच शक्य नाही, पण तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग साहेब येणार असल्याचा निरोप आला. वस्तीत धावपळ सुरू झाली. गाई धुतल्या, शिंगांना हळद लावली, गोठा सारवला. मुनियम्मा दोन दिवस जेवली नाही म्हणे. आता गंमत अशी की या सगळ्यांत जास्त उत्साह आत्याला चढला. सरकारी माणूस तपेल्यात डोकावणार, आणि आतली कल्हई उडालेली! रायरांच्या घरची अब्रू! आई म्हणाली, राहू दे, त्याला काय कळतंय. पण आत्यानं आदल्या दिवशी कल्हईवाल्याला बोलावून तपेलं त्याच्या गाढवावर चढवलंच. दिवे लागायच्या आत परत, असं त्यानं गळ्याला हात लावून सांगितलं. दिवे लागले, तपेलं आलं नाही. अप्पा शोधायला गेले तर त्याच्या झोपडीला कुलूप. तो तिरुवळ्ळूरला सासुरवाडीला गेला होता आणि आमचं तपेलं आत.

पहाटे आत्या पाट आणि मापटं घेऊन निघाली, तपेल्यावाचून. मी मागून.  तिकडे गाई भरून आलेल्या, हंबरत होत्या. रांग लागली होती, नेहमीपेक्षा मोठी, कारण साहेबाला बघायला सगळ्याच आल्या होत्या. साहेबही आला होता. छत्री, पांढरी पॅन्ट, नाकाला रुमाल. आत्यानं काय झालं ते सांगितलं. अय्यर मामी लगेच म्हणाल्या, मी आमचं घेऊन येते. अय्यंगार मामींनी वर आभाळाकडे पाहिलं. साहेबानं घड्याळ बघितलं आणि विचारलं, दूध विकणार आहात की नाही? इथं तर भांडंच नाही.

सगळ्या बायकांची नजर दगडावरच्या त्या पालथ्या तपेल्याकडे गेली आणि तिथून मुनियम्माकडे. मुनियम्मानं काही मागितलं नाही. नुसती आत्याकडे बघत उभी राहिली. मला आजही वाटतं, ती जर त्या वेळी एक शब्द बोलली असती, विनवणी केली असती, तर आत्या पाट उचलून घरी निघून गेली असती. माझ्या डोक्यात एकच: गाई जातील, आणि त्याही आमच्या कल्हईपायी.

आत्या उठली. दगडापाशी गेली. वाकली, आणि ते तपेलं तिनं स्वतःच्या हातांनी सुलटं केलं. मग आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि बोटं सगळीकडून फिरवली, तळाला, कडेला, काठाखाली.

"कोरडें आहे," ती म्हणाली. मग मुनियम्माकडे वळून तमिळमध्ये, नेहमीच्या बोलायच्या आवाजात, "बघत काय राहिलीस? गाईंना त्रास होतोय. काढा."

पहिली धार त्या तपेल्यात पडली तिचा आवाज निराळा होता. पितळेत पडते तसा भरदार नाही, टणटण वाजणारा. मुनियम्माला रडू आलं आणि ते लपवायला ती गाईच्या पोटाआड गेली. आत्या पाटावर येऊन बसली, दूध ढवळलं, मापटं हातात घेतलं आणि रांगेकडे बघितलं. रांगेतल्या नायडूबाई लोटा पदराखाली घालून निघून गेल्या. आणखीही दोघी गेल्या. फोरमन-मामी एक पाय पुढं, एक मागं, अशा उभ्या होत्या. आत्या म्हणाली, मामी, तुम्ही आधी. मामींनी दचकून तिच्याकडे पाहिलं, मग लोटा पुढं केला. मला वाटतं, रांगेतून एकदा बाहेर पडलं तर आत्या परत आत घेणार नाही याचीच त्यांना जास्त भीती होती.

साहेबानं आत्याला विचारलं, तुम्ही या सोसायटीच्या कोण? आत्यानं मापटं हातात तसंच धरून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दूध घ्यायचं असेल तर रांगेत उभे राहा," ती म्हणाली. साहेब रांगेत उभा राहिला. चिंचेखालीच पेलाभर निरसं दूध प्यायला, मिशा पुसल्या आणि गाई राहतील असं सांगून छत्री उघडून निघून गेला.

घरी आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. आत्यानं फिल्टरमधून डिकाक्शन घेतलं, त्या दुधाची कॉफी केली, वरून खाली ओतून फेस आणला, आणि भिंतीकडे तोंड करून, त्याच पाझरलेल्या भिंतीकडे, सावकाश प्यायली. पेला खाली ठेवला. "पाणी नाही," म्हणाली. मग देवांना उठवायला गेली. अप्पांनी मला डोळा मारला आणि आईनं पदरानं डोळे पुसले.

आता मी मद्रासच्या अण्णा नगरात चौथ्या मजल्यावर राहते. दूध पिशवीत येतं, नातू फोनवरून मागवतो, आणि ते कुठल्या गाईचं, ती आज लाथ मारत होती की नव्हती, याचा पत्ता नाही. कॉफी बरी होते. बरी म्हणजे बरी, त्याहून जास्त मला विचारू नका.

तर, साहेब येऊन गेल्यावर दोन दिवसांनी कल्हईवाला उगवला. तपेलं आतून चांदीसारखं लखलखत होतं. आत्यानं ते उन्हात धरून पाहिलं, त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग ते जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले तेव्हा ती पाट काखेत मारून, मापटं घेऊन पायरी उतरत होती. अप्पा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "अक्का, आता भांडं त्यांचंच आहे. राखायचं काही नाही. मग तू कशाला जातेस?"

आत्या थांबली. "मी नाही गेलें तर पाणी घालतील की," ती म्हणाली, आणि निघाली.

त्यांनी कधीच पाणी घातलं नव्हतं, हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी घाईघाईनं वेणी बांधत मागून धावले, तोवर ती रूळ ओलांडून गेलीसुद्धा होती.